कड्याला ओ देणारं गाव

उंबरघळीत रस्ता यायच्या आधीची, दिवे यायच्या आधीची, घराघरांत घड्याळ यायच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा डोंगर आताएवढेच उंच होते, पण माणसांचे आवाज मोठे होते, असं म्हणतात. आणि त्या सगळ्या आवाजांत मोठा आवाज होता ठमाबाईचा.

उंबरघळ म्हणजे एका जागी वसलेलं गाव नव्हे. मधे खोल घळ, आणि घळीच्या अंगाअंगाला गोचिडीसारख्या चिकटलेल्या वाड्या. अल्याडची वाडी, पल्याडची वाडी, आणि खाली ओढ्याच्या काठाला तळवाडी. अल्याडच्या माणसाला पल्याडच्या अंगणातली कोंबडीसुद्धा दिसायची, पण तिथं जायचं म्हणजे घळ उतरायची आणि पुन्हा चढायची. सकाळी निघालेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन यायचं. म्हणून उंबरघळीत पायांपेक्षा गळ्याला काम जास्त. निरोप द्यायचा तो हाळी देऊन. आणि हाळी द्यायची ती ठमाबाईनं.

अल्याडच्या वाडीच्या टोकाला घळीवर झुकलेला एक काळा धोंडा आहे. ठमाबाई त्यावर चढायची, पदर कमरेला खोचायची, एक तळवा कानामागे धरायची आणि हाळी द्यायची. तिची हाळी निघाली की पल्याडच्या वाडीत डेऱ्यातलं ताक आपोआप घुसळायचं, असं म्हणतात. उधळलेला बैल एक पाय उचललेला तसाच उभा राहायचा. घारी आभाळातलं रिंगण अर्धवट टाकून ऐकायच्या. एकदा वाळत घातलेली नाचणी अजून अंगणात होती आणि पाऊस डोंगर उतरून यायला लागला. ठमाबाईनं पावसालाच हाळी दिली, "जरा दम धर रं बाबा, नाचणी आत घेऊ दे." आणि पाऊस घळीच्या तोंडाशी पाहुण्यासारखा थांबून राहिला, असं म्हणतात.

हे सगळं सांगते ती तानूआजी. आता गावात तिच्याएवढं जुनं माणूस उरलेलं नाही. चालताना भिंत धरते, ऐकताना हात कानामागे धरते, पण ठमाबाईचं नाव निघालं की तिचे डोळे आठ-नऊ वर्षांच्या पोरीसारखे होतात. ओसरीवर पोरं गोळा झालेली असतात. त्यातलं एखादं आगाऊ पोर विचारतंच.

"आज्जी, पाऊस खरंच थांबला हुता?"

"आमची नाचणी भिजली न्हाय," तानूआजी म्हणते. "मी हुते की तिथं. आता तूच काय ते समज."

ठमाबाईच्या हाळीला एक शेपूट असायचं. निरोप सांगून झाला की ती थांबायची, श्वास घ्यायची, आणि पदरचं एक वाक्य त्याला जोडायची. ते वाक्य ऐकायला बायका चुलीवरचं तसंच टाकून दारात यायच्या.

"कोंडिबाची म्हैस व्याली होऽऽ, रेडी झाली होऽऽ," ती ओरडायची. मग थांबायची. मग, "आता तरी दुधात वढ्याचं पाणी घालू नगंस म्हणावं होऽऽ."

तिन्ही वाड्या हसायच्या. कोंडिबा दोन दिवस मान खाली घालून हिंडायचा, आणि दूध दाट व्हायचं.

एकदा पल्याडच्या वाडीतली एक सून सासूशी भांडून तळवाडीला आईकडे जाऊन बसली. सासूनं निरोप पाठवला तो कडकच होता. ठमाबाईनं तो जसाच्या तसा दिला. "सासू म्हणतीया, यायचं तर ये, न्हायतर तिकडंच ऱ्हा होऽऽ." आणि थांबून शेपूट जोडलं, "पर दारातच उभी हाय. भाकरीबी दोन जास्तीच्या थापल्यात होऽऽ." सासूनं हे सांगितलेलं नव्हतं. पण भाकरी खरंच जास्तीच्या होत्या. ठमाबाईला ते कसं कळलं ते कुणालाच कळलं नाही. दिवेलागणीच्या आत सून घरात होती.

अशी ती. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचं पोर कशाला घाबरतं, कोण कुणावर रुसलंय, सगळं तिला ठाऊक. बाळंतपणाची खबर तिच्याकडे, मयताची खबर तिच्याकडे. ती लांबून, घाटाच्या वरच्या देशावरून लग्न होऊन आलेली होती. तिला कुणी विचारलं, "ठमे, तू हाळी द्यायला कशी गं लागलीस?" तर ती एकच उत्तर द्यायची.

"भाकरी करपली म्हणून."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, हेही शेपूटच.

आता हाक्याबद्दल सांगायला हवं. कारण हाक्या कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

अल्याडच्या वाडीच्या वर मोठा सडा आहे, सपाट, गुडघाभर गवताचा. सड्याच्या पलीकडच्या काठाला खोल दरी, आणि दरीच्या पल्याड समोरासमोर उभा काळा कडा. त्या कड्यात हाक्या राहतो, असं तेव्हा म्हणत. हाक्या माणसाला नावानं हाक मारतो. आईच्या आवाजात मारतो, बापाच्या आवाजात मारतो. ज्यानं ओ दिली तो त्या हाकेमागे चालायला लागतो, आणि चालता चालता सड्याचा काठ संपतो. म्हणून उंबरघळीतलं पोर बोलायला लागलं की त्याला आधी हे शिकवायचे, की सड्यावर नुसत्या नावाच्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कारण हाक्याला नाव ठाऊक असतं, बाकी काही ठाऊक नसतं.

आणि तानी हे सगळ्यांत चांगलं शिकली होती.

तानी म्हणजे आजची तानूआजी. हैबतीची थोरली. तिच्या कमरेवर कायम तिची धाकटी बहीण बकुळा. बकुळा कमरेवर नसली की तानी वाकडी चालायची, इतकी तिला सवय झालेली. सड्यावर शेरडं घेऊन जाणाऱ्या पोरांत तीच मोठी, म्हणून पोरांची पुढारीही तीच. रंगा, गोजरी आणि शिदू तिच्या मागे असायचे. एकदा वाऱ्यात कुणीतरी "रंग्या" म्हटल्यासारखं झालं आणि रंगा "ओ" म्हणणार, तेवढ्यात तानीनं त्याच्या तोंडात करवंदं कोंबली होती. तेव्हापासून तिला तोंड दाबणारी तानी म्हणायचे.

त्या वर्षी चैत्र फार तापला होता. गवत इतकं वाळलं होतं की शेरडांच्या पायांखाली ते पापडासारखं मोडायचं. खाली वाडीच्या शेजारी राब भाजायचं काम चाललं होतं. राब म्हणजे जिथं भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा ती जमीन. तिच्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून आग लावायची, म्हणजे पुढे रोप जोमानं येतं. गावातली सगळी मोठी माणसं हातात हिरव्या फांद्या घेऊन आगीभोवती उभी होती. दरवर्षी करायचे तसंच सगळं करत होते.

आणि वारा फिरला.

नुसता फिरला नाही. घळीतून उसळून वर आला. पेटलेल्या पाल्याचा एक भला मोठा लोट त्यानं उचलला आणि बैलाच्या शिंगावरून भारा फेकावा तसा सड्याच्या कडेला नेऊन टाकला. हैबतीनं वर बघितलं तेव्हा सड्याची कड सोन्याच्या गोटासारखी चमकत होती. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा सडा दिसतच नव्हता. नुसता धूर.

"पोरं," तानीची आई इंदा म्हणाली. तिच्या हातातली फांदी गळून पडली. "पोरं वर हायत."

माणसं धावली. पण सड्याची वाट गवतातूनच जात होती आणि ती वाटच पेटली होती. पायथ्याला जाऊन सगळे अडले. मग त्यांना करता येण्यासारखं एकच उरलं, हाका मारणं. इंदा हाका मारायला लागली, हैबती हाका मारायला लागला, रंगाचा बाप, गोजरीची आई, सगळे. "ताने. रंग्या. गोजरे. शिदू." 

वरून ओ नाही.

वर काय होत होतं ते तानूआजी सांगते तेव्हा ओसरीवरची पोरं सरकत सरकत एकमेकांना चिकटतात.

वर धूर इतका दाट होता की कमरेवरची बकुळा तानीला दिसत नव्हती, फक्त तिचं हुंदके देणं बरगडीला लागत होतं. चौघं पोरं एका उघड्या कातळावर गोळा झाली होती. शेरडं केव्हाच पळाली होती. मागून आगीचा आवाज येत होता, कोरडं धान्य पत्र्यावर ओतावं तसा. आणि हाका येत होत्या. पण कुठून? खालून निघालेली हाक धुरातून वर यायची, दरीपलीकडच्या कड्यावर आदळायची आणि तिकडून परत यायची. पोरांना ऐकू यायचं ते कड्याकडून. "ताने. रंग्या." आईचा आवाज, बापाचा आवाज, आणि सगळे दरीच्या बाजूनं.

अगदी हाक्या मारतो तसेच.

"माजी आय बोलवतीया," गोजरी म्हणाली आणि उठली.

तानीनं तिला खाली ओढलं. "गप. आय न्हाय ती. तिकडं दरी हाय. कुणी ओ देऊ नका."

पोरांनी तोंडावर हात दाबले. जे शिकवलं होतं तेच ती करत होती. खाली गाव जिवाच्या आकांतानं हाका मारत होतं, आणि वर पोरं जिवाच्या आकांतानं गप्प बसली होती. ओ आल्याशिवाय पोरं कुठं आहेत हे खाली कळत नव्हतं. आणि आग चालत येत होती.

तेव्हा ठमाबाई धोंड्यावर चढली.

ती तळवाडीहून घळ चढून धावत आली होती, असं म्हणतात. पाय न टेकता आली, असंही म्हणतात. तिनं पदर खोचला, तळवा कानामागे धरला आणि हाळी दिली, "तानेऽऽ होऽऽ." धुराचा पडदा हलला. पण ओ नाही. "रंग्याऽऽ होऽऽ." ओ नाही.

ठमाबाई थांबली. आणि हसली. धोंड्याखाली धावत आलेल्या इंदाला वाटलं, हिला वेड लागलं.

"इंदे," ती म्हणाली, "पोरं जिती हायत. नुसत्या नावाला ओ द्यायची न्हाय म्हनून गप बसल्यात. आपुनच शिकवलंय की त्यास्नी."

मग तिनं असा श्वास घेतला की धोंड्याच्या फटीतलं गवत तिच्याकडे झुकलं, असं म्हणतात. आणि तिनं हाळी दिली.

"रंग्या रंऽऽ, शिंक्यातली चटणी तू खाल्लीस अन् आळ मांजरावर घातलास होऽऽ. मांजराला तिखट सोसतं का रं लेका?"

धुरात रंगा ताठ झाला. "तिला कसं ठाव?"

"गप," तानी म्हणाली. "हाक्यानं चोरून बघितलं असंल." पण तिच्या आवाजातला जोर थोडा कमी झाला होता.

"गोजरे गंऽऽ, काकीची बांगडी वढ्यात पडली न्हाय. तूच ती शेरडाच्या पायात घातलीस अन् शेरडू पळालं होऽऽ."

गोजरी रडता रडता थांबली.

"शिदू रंऽऽ, आंथरूण कोण भिजवतं अन् पानी सांडलं म्हणून कोण सांगतं होऽऽ?"

"ठमाबाय हाय ती," शिदू म्हणाला. "ताने, ठमाबायच हाय."

तानीनं बकुळाला घट्ट धरलं. तिला तर फार वाटत होतं की ती ठमाबाईच असावी. पण पोरांची पुढारी ती होती. तिचं चुकलं तर चौघांचं आणि कमरेवरच्या पाचवीचं काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं. आगीची धग आता पाठीला लागत होती. तिनं ओठ आवळून धरले.

मग हाळी आली ती तिच्यासाठी.

"ताने गंऽऽ. बैलाच्या शिंगाचा लाल हिंगूळ ओठाला लावून घंगाळातल्या पाण्यात त्वांड बघत हुतीस ना गं, बेंदराच्या दिवशी. गोठ्यात कुणी न्हाय असं बघून."

तानीच्या कानांतून आग निघाली. तिनं दार लावलं होतं. कवाडाच्या फटीतून कुणी बघितलं असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. हाक्यानं बघितलं असेल का? हाक्याचा काय नेम.

आणि ठमाबाई नेहमीसारखी थांबली. तिनं श्वास घेतला. आणि शेपूट जोडलं.

"लई ग्वाड दिसत हुतीस गं. मी कुणालाबी सांगितलं न्हवतं होऽऽ."

तानीला एकदम कळलं. हाक्याला चोरून बघता येत असेल. पण बघून गप्प राहणं, आणि आता अशा वेळी ग्वाड दिसत होतीस म्हणणं, हे हाक्याला जमायचं नाही. ते माणसालाच जमतं. तिनं तोंडावरचा हात काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा सड्यावरून ओ दिली.

"ओऽऽ. ठमाबायऽऽ. आमी कातळावं हायऽऽ."

खाली इंदा सड्याच्या पायथ्याकडे धावत सुटली. तानूआजी इथं थांबते आणि हसते. "माजा हिंगूळ तिन्ही वाड्यांनी ऐकला बगा. म्या म्हटलं, मेले तर बरं."

पण ठमाबाई तिला मरू देणार नव्हती.

"माज्या आवाजामागं येऊ नगंस," तिनं हाळी दिली. "आवाज फसवतुया. खाली वाक. कातळ हातानं चाचप. वाळलेलं शेवाळ लागतंय का?"

तानीनं चाचपलं. इकडे गुळगुळीत. इकडे गरम. मग बोटांखाली काहीतरी खरखरीत, खपलीसारखं आलं.

"लागलंऽऽ."

"ती पाण्याची पन्हळ. पावसाळ्यात घसरगुंडी करता तीच. तिच्यात गवत न्हाय, म्हंजी तिच्यात आग न्हाय. बसा अन् घसरत या. मी बोलत ऱ्हाते. माजा आवाज थांबंस्तवर कुणी थांबायचं न्हाय."

आणि ती बोलत राहिली. श्वास घ्यायला ती थांबली नाही, असं म्हणतात. एकामागून एक ती पोरांच्या खोड्या सांगत राहिली, चोरलेले आंबे, फोडलेली मडकी, म्हशीच्या शेपटीला बांधलेली फडकी. खोड्या संपल्या तशा त्यांच्या आयांच्या लहानपणीच्या खोड्या काढल्या, बापांच्या काढल्या. पोरं पन्हळीतून घसरत होती, दोन्ही बाजूंनी जाळ उभा होता, ढोपरं सोलवटत होती, आणि तरी रंगा हसत होता, कारण त्याच्या बापानं लहानपणी देवळातला नारळ पळवला होता हे त्याला तेव्हाच कळलं. पन्हळीवर वाकलेल्या ज्वाळा तिच्या हाळीच्या वाऱ्यानं मागे रेटल्या जात होत्या, असं म्हणतात. धूर फाटून मधे वाट पडली, असं म्हणतात.

"आज्जी, धूर खरंच फाटला?"

"मी हुते की तिथं," तानूआजी म्हणते. "फाटला."

आधी शिदू खाली आला, काळा मिट्ट, नुसते डोळे. मग गोजरी. मग रंगा. त्याच्या बापानं त्याला छातीशी धरलं आणि नारळाबद्दल एक अक्षर काढू नकोस म्हणून कानात सांगितलं. आणि सगळ्यांच्या शेवटी, पाठीवर बकुळाला पदरानं बांधून, तानी. इंदानं दोघींना एकदम उचललं. एवढंसं बाईमाणूस, पण दोन पोरी उचलून ती धोंड्यापर्यंत धावत गेली.

ठमाबाई धोंड्यावरून उतरली. तिनं तानीच्या तोंडावरची राख पदरानं पुसली. मग थांबली, श्वास घेतला. सगळ्यांना माहीत होतं की आता शेपूट येणार. माणसं रडत रडतच हसायला तयार झाली.

ठमाबाईनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

पुन्हा उघडलं. नुसता वारा.

त्या दिवसानंतर ठमाबाईचा आवाज पुन्हा आला नाही. ज्येष्ठमध झाला, मध-आलं झालं, घाटावरचा वैद्य झाला. ती जगली पुष्कळ, चांगली म्हातारी होऊन गेली, पण बोलली ती कुजबुजतच. तिचा आवाज कड्यात राहिला, असं म्हणतात. पोरांसाठी तिनं तो इतका लांब फेकला की तो परत आणता आला नाही. हाक्याला तिनं कड्यातून हुसकून लावलं आणि त्याच्या जागी तिचा आवाज राहायला गेला. त्यानंतर हाकेमागे जाऊन कुणी दरीत पडलं नाही, हे मात्र कुणालाही विचारावं.

पण गावाचे निरोप थांबून कसं चालेल? वणव्यानंतर पहिलं बाळ जन्मलं तेव्हा ठमाबाई तानीचा हात धरून तिला धोंड्यावर घेऊन गेली. तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली आणि तानीनं ते ओरडून सांगितलं. आवाज तानीचा, शेपूट ठमाबाईचं. पहिल्या दिवशी तानीचा आवाज घळीच्या मधेच दमला. पल्याडचे लोक म्हणाले, "कोण चिमणी बसलीय धोंड्यावर?" पण पाऊस जसा थेंबाथेंबानं वाढतो तसा तानीचा आवाज वाढला. ठमाबाई कानात सांगायची, तानी हाळी द्यायची, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या.

असंच एकदा दोघी धोंड्यावर बसल्या होत्या. तानी आता मोठी झाली होती, तिचं लग्न ठरलं होतं, तेही पल्याडच्या वाडीत, हाकेच्या अंतरावर. तरी ती रडत होती. तेव्हा ठमाबाईनं तिला भाकरीची गोष्ट सांगितली.

"नवी नवरी हुते," ती कुजबुजली. "सासूनं भाकरी टाकायला सांगितली. तव्यावं भाकरी टाकली अन् आयची आठवण आली. लई आली. मंग ह्या धोंड्यावं येऊन उभी ऱ्हायले अन् घाटाकडं त्वांड करून आयला हाका मारल्या. ओ कुठली यायला, आय मैलोगणती लांब. भाकरी करपून कोळसा झाली. सासू मारायला आली, पर आवाज ऐकून तशीच उभी ऱ्हायली. म्हणाली, पोरी, एवढा आवाज हाय तर पल्याड निरोप दे, बैल सोडा म्हणावं. तवापासनं देतीया."

"मंग पुन्हा कधी आयला हाक मारली न्हाईस?"

"ओ आली न्हाय तर लई लागतं गं," ठमाबाई म्हणाली. "म्हणून दुसऱ्यांच्या हाका त्येंच्या माणसांस्नी पोचवल्या. कुणाची हाक बिनओची जाऊ नये."

हे ठमाबाईनं आणखी कुणाला सांगितलं नव्हतं. तानीनंही ती असेपर्यंत सांगितलं नाही. गोठ्यातला हिंगूळ जिनं पोटात ठेवला, तिची भाकरी तानीनं पोटात ठेवली.

आता उंबरघळीत रस्ता आहे, खांब आहेत, सगळ्यांच्या खिशात फोन आहेत. पण एक गोष्ट तशीच आहे. उंबरघळीतला माणूस दुसऱ्याला नुसत्या नावानं हाक मारत नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराला आई फोन करते तेव्हा पहिलं वाक्य असतं, "का रं, माठ फोडणाऱ्या." आणि तिकडून पोर म्हणतं, "ओ."

आणि दरवर्षी चैत्रात राब भाजायच्या आधी तिन्ही वाड्या त्या धोंड्यापाशी जमतात. फांद्या तयार असतात, पाण्याचे हंडे तयार असतात, काडीपेटी तयार असते, पण काडी कुणी ओढत नाही. धोंड्यावर एक पोरगी चढते. हल्ली ती तानूआजीची पणती वेणू असते. तानूआजीला धोंड्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकतात. आजी वर्षभर सगळ्या पोरांवर नजर ठेवून असते. ती वेणूच्या कानात कुजबुजते आणि वेणू हाळी देते. गावातल्या एकेका पोराचं नाव आणि त्याची वर्षातली सर्वांत मोठी खोडी. लोक हसून हसून लोळतात. ज्याचं नाव येतं ते पोर लाजत लाजत पुढे येऊन ओरडतं, "ओऽऽ." सुटीला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनाही सूट नाही. शेवटच्या पोराची ओ येईपर्यंत उंबरघळीत राबाला आग लागत नाही.

सगळी पोरं झाली की गाव गप्प होतं. टोप्या काढतात. तानूआजी खुर्चीतून उठते, वेणूचा हात धरून धोंड्यावर चढते. कितीही नको म्हटलं तरी चढते. ही हाळी ती दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही. पदर कमरेला खोचते, तळवा कानामागे धरते आणि कड्याकडे तोंड करते.

"ठमाबाय गंऽऽ. तव्यावं भाकरी करपली, अन् तू धोंड्यावं आयला हाका मारत बसलीस होऽऽ."

म्हातारा आवाज वाडीवरून जातो, सड्यावरून जातो, दरी ओलांडतो. सगळे वाट बघतात. आणि मग कड्याकडून हाक येते, लांब, भरदार, तानूआजीच्या आवाजाहून कितीतरी तरुण.

कुणी शिकलेलं पोर हळूच म्हणतं, "आज्जी, तो प्रतिध्वनी असतो."

"असंल," तानूआजी म्हणते. "पर हाक हाय. हाकेला ओ द्यायची असती."

आणि जिनं लहानपणी सगळ्यांची तोंडं दाबून धरली होती, तीच सगळ्यांत आधी कड्याला ओ देते. तिच्यामागून वेणू, वेणूमागून अल्याड, पल्याड, तळवाडी. अख्खं गाव एका आवाजात ओरडतं.

"ओऽऽ."

मग काडी ओढली जाते.